‘सोडॅलिटी’ म्हणजे नुसता ‘संघ’ का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरच्या एका इंग्रजी लेखाचं मराठी करताना तुम्हाला ‘सोडॅलिटी’ हा शब्द भेटला. कोशात ‘असोसिएशन, सोसायटी, ब्रदरहुड’ असे तीन अर्थ सापडले आणि तिन्ही लावून पाहिले तरी वाक्य बसेना. मग लेखकाने सरळ ‘असोसिएशन’च का म्हटलं नाही, हा शब्द ‘सॉलिडॅरिटी’चा भाऊबंद आहे का, मराठीत काय लिहायचं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. शिवाय जाता जाता, आमच्या वाचनगटाला हे नाव शोभेल का, हेही.

‘सॉलिडॅरिटी’चं आधी उरकून घेऊ, कारण त्याचं उत्तर ‘नाही’ एवढंच आहे. ‘सॉलिडॅरिटी’ आली लॅटिन ‘सॉलिडुस’वरून, म्हणजे भरीव, अखंड. रोमन कायद्यात अनेकांनी मिळून कर्ज घेतलं आणि त्यातला प्रत्येक जण अख्ख्या रकमेला बांधील असला, तर त्याला ‘इन सॉलिडुम’ म्हणत. तिथून फ्रेंचमध्ये आणि पुढे इंग्रजीत एकजुटीचा अर्थ आला. आपल्या शब्दात ‘सो’नंतर ‘ल’ नाही, ‘ड’ आहे. डोळा फसतो खरा, पण दोन घराणी वेगळी आहेत. ‘सोडा’ आणि ‘सोडियम’शी तर काहीच संबंध नाही.

आता मूळ अडचण. मला वाटतं, तुमचा कोश चुकलेला नाही, त्याने फक्त अर्धं सांगितलं. माणसं एकत्र आली आहेत एवढं त्याने सांगितलं, कशाने बांधली गेली ते सांगितलं नाही. संगतीसाठी इंग्रजीत ढीगभर शब्द आहेत आणि त्यातले बहुतेक जुने शब्द आपला धागा पोटात घेऊन फिरतात. ‘कंपनी’ आणि ‘कंपॅनियन’मध्ये लॅटिन ‘पानिस’ आहे, पाव. एका पावाचे वाटेकरी ते कंपॅनियन. ‘कॉम्रेड’ स्पॅनिशमधून फ्रेंचमार्गे आला, मूळ अर्थ एका खोलीत राहणारा. ‘गिल्ड’मध्ये भरलेल्या पैशाचा अर्थ आहे, जर्मन ‘गेल्ड’, म्हणजे पैसा, त्याच कुळातला. ‘फेलो’ मला सगळ्यांत आवडतो. जुन्या नॉर्स भाषेत ‘फेलागी’ म्हणजे सामाईक व्यवहारात आपलं ‘फे’ घालणारा, आणि ‘फे’ म्हणजे गुरंढोरं, मालमत्ता. आपला ‘पशु’ आणि हे ‘फे’ एकाच मुळाचे. ‘फ्रॅटर्निटी’त ‘भ्रातृ’ दिसतोच. ‘सोसायटी’ ज्या ‘सोकियुस’वरून आली तो लॅटिन शब्द आपल्या ‘सखा’चा नातलग मानला जातो.

एकाचा धागा अन्नाचा, एकाचा छपराचा, एकाचा भांडवलाचा, एकाचा रक्ताचा. मग ‘सोडॅलिटी’चा कुठला? सवयीचा. जरा नेमकं बोलायचं तर ‘आपलेपणा मुरलेल्या सवयी’चा. हे मी कशावरून म्हणतो ते बैजवार सांगतो, कारण मराठी माणसाला ही व्युत्पत्ती इंग्रजी माणसापेक्षा सोपी जाते.

इंग्रजीत हा शब्द साधारण १६०० च्या सुमारास आला, फ्रेंच ‘सोदालिते’वरून किंवा थेट लॅटिन ‘सोडालितास’वरून. ‘सोडालितास’ म्हणजे ‘सोडालिस’पण, आणि ‘सोडालिस’ म्हणजे सोबती, एका मंडळातला. यातला ‘सोड’ कुठून आला? लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘स्व’ पुष्कळदा ‘सो’ होतो. संस्कृतात ‘स्वसृ’, म्हणजे बहीण, तिथे लॅटिनमध्ये ‘सोरोर’. आपल्याकडे ‘स्वप्न’, तिकडे ‘सोम्नुस’, झोप. आणि शब्दाच्या मधला जुना ‘ध’ लॅटिनमध्ये ‘द’ होतो: ‘मध्य’ला तिथे ‘मेदियुस’ म्हणतात. आता हे दोन बदल ‘सोड’ला उलटे लावून पाहा (हा ‘ड’ आपण इंग्रजी वळणाने लिहितो, लॅटिन उच्चार ‘द’च्या जवळचा). ‘सो’चा ‘स्व’ करा, ‘द’चा ‘ध’ करा. हाती काय आलं? ‘स्वध्’.

आपल्याला ‘स्वधा’ ऐकू येतो तो पितरांच्या मंत्रांत. पण ऋग्वेदात हा शब्द आपली स्वतःची शक्ती, आपला अंगभूत स्वभाव, आपली रीत अशा अर्थानेही येतो. नासदीय सूक्तातलं ‘आनीदवातं स्वधया तदेकम्’ आठवा: ते एक, वारा नसताना, आपल्या स्वधेने श्वास घेत होतं. हाच धागा ग्रीकमध्ये गेला तेव्हा ‘स्व’ झिजून गेला, ‘ध’चा ‘थ’ झाला आणि ‘एथोस’ उरला, म्हणजे सवय, रीत. तिथून पुढे ‘एथिक्स’. लॅटिनमध्ये याच मुळापासून ‘सुएस्केरे’, सवय होणे, हे क्रियापद आहे. त्याच्यापासून ‘कॉन्सुएतूदो’ आणि फ्रेंचमध्ये घासूनपुसून झालेला ‘कस्टम’. म्हणजे ‘कस्टम’, ‘एथिक्स’, ‘स्वधा’ आणि ‘सोडॅलिटी’ ही चार दूरची भावंडं. सगळ्यांच्या मुळाशी ‘स्व’, म्हणजे आपलं, स्वतःचं. जे आपलं करून घेतलं ती रीत, आणि ज्याला आपल्यात धरलं तो ‘सोडालिस’.

अशा व्युत्पत्त्या ऐकायला गोड लागतात आणि गोड लागतात म्हणूनच मी त्यांच्याकडे जरा संशयाने बघतो. ध्वनी जुळवून कुठलाही शब्द कुठेही नेता येतो. पण इथे एक दगड साक्षीला आहे. रोमच्या दक्षिणेला सात्रिकुम नावाचं प्राचीन ठिकाण आहे. तिथे ‘मातेर मातुता’ या देवीच्या देवळाच्या पायात पुन्हा वापरलेला एक कोरीव दगड १९७७ मध्ये उत्खननात सापडला. त्याचा काळ साधारण इ.स.पू. ५०० च्या आसपासचा धरतात. पहिल्या ओळीची सुरुवात तुटकी आहे; तिच्या शेवटी ‘पोप्लिओसिओ व्हालेसिओसिओ’ अशी अक्षरं आहेत, आणि दुसरीत ‘सुओडालेस मामार्तेइ’. अर्थ असा: पुब्लियुस वालेरियुसच्या सोबत्यांनी मार्स देवाला अर्पण केलं. ‘सुओडालेस’ नीट वाचा. पुढच्या लॅटिनमध्ये गळून गेलेला ‘व’ इथे अजून जागेवर आहे! तुलनेवरून भाषाशास्त्र्यांनी जो ‘स्व’ गृहीत धरला होता, तो दगडावर कोरलेला निघाला. शिवाय ‘पोप्लिओसिओ’मधला शेवटचा ‘ओसिओ’ बघा. ही षष्ठी आहे, आणि आपल्या ‘देवस्य’, ‘रामस्य’मधल्या ‘अस्य’ची सख्खी बहीण. संस्कृत शिकलेल्या माणसाला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या लॅटिन ओळीत विभक्ती ओळखू येते. मला तरी पहिल्यांदा वाचताना अंगावर काटा आला होता.

हा पुब्लियुस वालेरियुस म्हणजे परंपरेने रोमन प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी, इ.स.पू. ५०९ मध्ये, कॉन्सुल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, झालेला पोप्लिकोलाच का, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. या दगडावरची माणसं स्वतःची ओळख गावावरून देत नाहीत, कुळावरूनही नाही. एका माणसाभोवती जमलेले सोबती, एवढीच त्यांची ओळख. युद्धदेवतेला अर्पण केलंय, त्यामुळे हातात शस्त्र घेणारी मंडळी असावीत असं पुष्कळ जण मानतात. हा दगड लक्षात ठेवा, तुमच्या लेखाकडे परत येताना लागेल.

रोमन कायद्यातही हा शब्द आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायुस याने बारा पाट्यांच्या कायद्यावर, म्हणजे इ.स.पू. ४५१-४५० मधल्या रोमच्या पहिल्या लिखित कायद्यावर, टीका लिहिली. तिच्यात तो म्हणतो की एकाच मंडळाचे सभासद ते ‘सोडालेस’. सार्वजनिक कायदा मोडत नसेल तर त्यांनी आपसांत हवे ते नियम करावेत, कायद्याची त्याला मुभा आहे. आजच्या कुठल्याही संस्थेच्या घटनेचं बीज या दोन वाक्यांत आहे.

मग हे सोबती करत काय? देवकार्य आणि जेवणावळी. रोमन वक्ता सिसेरो याच्या वार्धक्यावरच्या संवादात जुना मुत्सद्दी म्हातारा कातो सांगतो की मी क्वेस्टर, म्हणजे खजिन्याचा अधिकारी, असताना, महामाता या देवीची उपासना रोममध्ये आणली तेव्हा, ‘सोडालितातेस’ स्थापन झाल्या आणि मी माझ्या सोबत्यांबरोबर साधंसंच जेवायचो. तिथेच तो शब्दाची एक गंमत करतो: ग्रीक लोक अशा पंक्तीला ‘सोबत पिणे’, ‘सोबत खाणे’ म्हणतात, आमच्या पूर्वजांनी ‘कॉन्विवियुम’ म्हटलं, सोबत जगणे, आणि तेच बरं. पुढे सम्राट ऑगस्टस वारल्यावर इ.स. १४ मध्ये त्याच्या उपासनेसाठी ‘सोडालेस ऑगुस्तालेस’ नेमले गेले. प्रतिष्ठित घराण्यांतले एकवीस जण चिठ्ठ्या टाकून निवडले आणि वर राजघराण्यातले चार घातले.

हे झालं सोवळ्यातलं. आता माझी फजिती.

सुरुवातीच्या काळात रोमच्या इतिहासावरचं एक पुस्तक मी मराठीत आणत होतो. तोवर हा शब्द मला फक्त चर्चच्या संदर्भात माहीत होता, म्हणून मी ‘बंधुसंघ’ हा प्रतिशब्द पक्का केला आणि वहीत लिहून टाकला. तीन प्रकरणांनंतर वाक्य आलं की इ.स.पू. ५५ मध्ये कॉन्सुल क्रॅससने यांच्याविरुद्ध कायदा केला. वही प्रमाण मानून मी बेधडक लिहिलं: ‘क्रॅससने बंधुसंघांविरुद्ध कायदा केला.’ मुद्रितशोधकाने समासात पेन्सिलीने एवढंच विचारलं, ‘भावांनी याचं काय घोडं मारलं होतं?’ मूळ लॅटिन शब्द होता ‘सोडालिकियुम’, त्याच घरातला पण वाया गेलेला. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या वर्षांत निवडणुकीत मतं फिरवण्यासाठी, पैसे वाटण्यासाठी आणि धाकदपटशासाठी जी संघटित टोळकी उभी राहिली, त्यांना हे नाव चिकटलं होतं. पुढच्याच वर्षी याच कायद्याखाली प्लांकियुस नावाच्या उमेदवारावर खटला झाला आणि सिसेरोने त्याचं वकीलपत्र घेतलं. तिथे ‘बंधुसंघ’ लिहिणं म्हणजे मतांच्या ठेकेदारांना संतपद देणं होतं. ‘निवडणुकीतल्या टोळ्या’ असं करून मी सुटलो. तेव्हापासून एका शब्दाला एकच प्रतिशब्द, ही शिस्त मी या शब्दापुरती सोडली आहे.

आणि साधारण एका पिढीनंतर होरेस कवी आपल्या एका जुन्या मित्राला, ब्रूटसच्या सैन्यात बरोबर असलेल्या पॉम्पेयुसला, ‘माझ्या सोबत्यांतला पहिला’ म्हणतो, ज्याच्या संगतीत रेंगाळणारा दिवस कितीदा मद्याने मोडून काढला. तिथे हाच ‘सोडालिस’ आहे, आणि तिथे ना संस्था, ना नियम. नुसता जिवलग.

चर्चचा भाग भराभर सांगतो, कारण तुमच्या लेखाशी त्याचा संबंध नाही; पण इंग्रजी वाचकाच्या कानात या शब्दाचा जो सूर आहे तो इथला. १५६३ मध्ये रोममधल्या जेझुइट महाविद्यालयात यान लेउनिस या बेल्जियन शिक्षकाने विद्यार्थ्यांचं एक मंडळ सुरू केलं, प्रार्थना आणि सेवाकार्यासाठी, मारियामातेच्या नावाने. १५८४ मध्ये तेराव्या ग्रेगरी पोपने त्याला अधिकृत मान्यता दिली आणि त्याच्या शाखा जगभर पसरल्या. इंग्रजीत हा शब्द १६०० च्या सुमारास का दिसू लागतो याचं उत्तर बहुधा याच वातावरणात आहे. १९१७ च्या चर्च-कायद्यात तर याची पायरी ठरवून दिली होती: भक्तीसाठी किंवा सेवेसाठी एकत्र आलेले ते ‘पुण्यसंघ’, त्यांना रीतसर अंतर्गत रचना असली की ‘सोडॅलिटी’, आणि सार्वजनिक उपासना वाढवण्यासाठी असली तर ‘कॉन्फ्रॅटर्निटी’. १९८३ च्या नव्या संहितेत ही उतरंड गेली. सभासदाला ‘सोडॅलिस्ट’ म्हणतात.

आता तुमचा लेख. मानवशास्त्रात हा शब्द रुळवण्यात एल्मन सर्व्हिस यांचा वाटा मोठा. १९६२ मध्ये समाजरचनेच्या पायऱ्या मांडताना त्यांच्यापुढे प्रश्न असा होता: छोटे छोटे गट आपापल्या ठिकाणी राहतात, वर कुणी राजा नाही, मग त्यांची मिळून एक जमात बनते आणि टिकते ती कशाने? त्यांचं उत्तर होतं, सोडॅलिटींनी. ज्यांचा पाया एकत्र राहण्याचा नाही, अशी मंडळं. उभ्या गटांमधून आडवा जाणारा धागा. शायेन लोकांचं उदाहरण घ्या. त्यांचे गट हिवाळ्यात पांगून राहत आणि उन्हाळ्यात मोठ्या तळावर एकत्र येत. पण त्यांच्यातली योद्ध्यांची मंडळं वेगवेगळ्या गटांतल्या पुरुषांची मिळून बनलेली असत, त्यामुळे दोन गटांत तेढ आली तरी दोन्हीकडे एकाच मंडळाचे सोबती असायचे. पूर्व आफ्रिकेतल्या मासाईंमध्ये एका वयाच्या मुलांची फळी एकत्र दीक्षा घेते आणि आयुष्यभर एकत्र मोजली जाते. तीही याच खात्यात. होपी आणि झुनी लोकांच्या विधिमंडळांबद्दल वाचाल तर तिथेही हाच शब्द सारखा येईल.

तुमच्या लेखकाने ‘असोसिएशन’ का म्हटलं नाही, ते इथे कळतं. ‘असोसिएशन’ कशाचंही होतं, एका गल्लीतल्या रहिवाशांचंही. त्याला नेमकं उलटं सांगायचं आहे: हे लोक एका ठिकाणचे नाहीत आणि तरी एकमेकांचे आहेत. सात्रिकुमचा दगड आठवतोय? तिथेही तेच होतं. एक बारकावा मात्र सांभाळा. सर्व्हिस यांच्या मांडणीत कुळंसुद्धा यात बसतात, कारण एका कुळाची माणसं अनेक वस्त्यांत विखुरलेली असतात. नंतरच्या कित्येक अभ्यासकांनी मात्र हा शब्द नात्यापलीकडच्या मंडळांपुरता राखला. तुमचा लेखक कुठल्या बाजूचा आहे ते लेखातूनच शोधावं लागेल. कुळांना तो यात धरतो की वेगळं काढतो एवढं पाहिलं तरी पुरे.

तेव्हा प्रतिशब्द संदर्भावर ठरेल. तुमच्या लेखापुरतं मी ‘वस्त्यांना जोडणारं मंडळ’ असं पहिल्यांदा उलगडून लिहीन, शेजारी ‘सोडॅलिटी’ देवनागरीत देईन आणि पुढे नुसतं ‘जोडमंडळ’ वापरीन. ‘जोडमंडळ’ माझं घडवलेलं आहे, कोशात सापडणार नाही. नको वाटलं तर ‘मंडळ’ चालेल, पण ‘संघ’ टाळा. ‘संघ’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर अध्यक्ष, सचिव आणि पावतीपुस्तक उभं राहतं. ‘बंधुसंघ’ चर्चच्या संदर्भात खपेल, तिथेही सभासद स्त्रिया असतील तर ‘भक्तमंडळ’ बरं. होरेसच्या ओळीत ‘सवंगडी’ किंवा ‘जिवलग’. आणि आजचा एखादा इंग्रजी लेखक इमारतीबाहेर पावसात उभ्या राहणाऱ्या सिगारेटवाल्यांना मुद्दाम गंभीर चेहऱ्याने ‘सोडॅलिटी’ म्हणतो, तेव्हा तो थट्टा करतोय. तिथे ‘धूम्रपंथी मंडळी’ असं काहीतरी लागेल, नाहीतर विनोद मरतो.

‘सोबत’बद्दल एक सावधगिरी. ‘सोडॅलिटी’ला ‘सोबत’ हा शब्द अर्थाने इतका चपखल आहे आणि आवाजानेही इतका जवळचा, की दोन्हींचं मूळ एकच असावं असं लिहिण्याचा मोह होईल. तसं नाही. आपली ‘सोबत’ अरबी ‘सुहबत’वरून फारसीमार्गे आली. नुसतं ध्वनिसाम्य. मघाशी मी संशयाने बघतो म्हटलं ते याचसाठी: ‘स्वधा’च्या बाजूने ध्वनिबदलांचे नियम आणि एक दगड आहे, ‘सोबत’च्या बाजूने फक्त पहिलं अक्षर.

राहिलं वाचनगटाचं नाव. गटात कोण आहे यावर ते अवलंबून. कॅथलिक शाळेत शिकलेलं कुणी असेल तर त्यांना जपमाळ आठवेल, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला योद्धे आठवतील आणि बाकीचे पहिल्या दिवशी ‘सॉलिडॅरिटी’ असंच वाचतील. नावाला परंपरा मात्र चांगली आहे: १४९०च्या दशकात जर्मन कवी कॉनराड सेल्टिस याने विद्वान मित्रांची जी मंडळं उभी केली, त्यांना ‘सोडालितास लितेरारिया’ म्हणजे साहित्यिक सोबत्यांचं मंडळ असंच नाव होतं. ते सगळे एका गावात राहतही नव्हते, पत्रांवर चालायचं. तुमचा गट जर वेगवेगळ्या शहरांतून पडद्यावर भेटणारा असेल तर नाव बसेल. एकाच इमारतीतले शेजारी असाल तर दुसरं शोधा.